शिकाऊ डॉक्टर तुसडे का होत जातात?

तापीकाठ
आमच्याकडच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अभ्यागत समितीपुढे प्रस्ताव आलाय. निवासी डॉक्टरांसाठी अर्ध्या दिवसाचं ‘संवादकौशल्य’ शिबिर, वक्ता बाहेरगावचा, शेवटी जेवण आणि प्रमाणपत्र. तक्रारवहीत तीनच गोष्टी फिरून फिरून येतात: नीट सांगितलं नाही, अंगावर ओरडले, रात्री कोणी फिरकलं नाही.

मला कोडं पडलंय ते वेगळंच. कुटुंब दत्तक कार्यक्रमात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची पोरं खेड्यात येतात, तेव्हा ओट्यावर मांडी घालून आजीबाईचं सगळं ऐकून घेतात. पाच-सहा वर्षांनी तशीच पोरं कॉटच्या पायथ्याशी उभी राहून केसपेपरशी बोलतात. मधल्या काळात नेमकं काय होतं? आणि पैसे न लागता स्थानिक पातळीवर काय बदलता येईल? ‘हल्लीची पिढीच तशी’ हे सोडून बोला.

जुना_हाऊसमन
आधी जेआर-वनचा (पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर; पुढे जेआर-टू, थ्री) दिवस बघा, मग स्वभावाकडे वळा.

युनिटला, म्हणजे विभागातल्या डॉक्टरांच्या एका तुकडीला, आठवड्यातून एक इमर्जन्सी असते, सकाळी ८ ते दुसऱ्या दिवशी ८. पण ८ ला थांबते ती फक्त नवी भरती. रात्री आलेले पंचवीस-तीस रुग्ण त्याच युनिटच्या नावावर असतात. त्यांचा राऊंड, नोट्स, तपासण्या, डिस्चार्ज कार्डं हे सगळं पोस्ट-इमर्जन्सीला, म्हणजे त्या दुसऱ्या दिवशी. मोकळं व्हायला संध्याकाळचे सहा-सात वाजतात, म्हणजे सलग ३४-३५ तास.

आता एक भरती घ्या. हिस्ट्री आणि तपासणीला पंधरा मिनिटं. मग व्हेन, सलाईन, रक्ताच्या बाटल्या: जांभळी सीबीसीला, लाल किंवा पिवळी किडनी-लिव्हरला, करडी साखरेला, निळी रक्त गोठण्याच्या तपासणीला. निळी खुणेपर्यंतच भरावी लागते, कारण आतल्या सायट्रेटचं रक्ताशी प्रमाण एकास नऊ ठरलेलं असतं. कमी भरली की लॅब परत पाठवते. घाईत सिरिंजने जोर लावून ओढलं तर पेशी फुटतात, पोटॅशियम खोटंच वाढलेलं येतं, पुन्हा टोचावं लागतं. नातेवाईक म्हणतो, ‘किती वेळा रक्त काढता?’ त्याचं काही चुकत नाही. रात्री मामा (वॉर्डबॉय) जागेवर नसला तर सॅम्पल स्वतः लॅबला न्यायचं. ब्लड बँकेचा फॉर्म, लेबलवर नाव आणि नंबर जुळलं नाही तर परत. क्रॉसमॅचला, म्हणजे रक्त जुळवून बघायला, पाऊण-एक तास. मग मोफत उपचारांच्या सरकारी योजनेचे कागद, फोटो, ऑनलाइन नोंद.

ह्यात डॉक्टरकीची पहिली पंधरा मिनिटं. बाकी हमाली आणि कारकुनी. कागदोपत्री केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत सलग १२ तासांहून जास्त ड्युटी नको आणि आठवड्याला ४८ तास, असं लिहिलेलं आहे. २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत फक्त ‘वाजवी तास’, कामाच्या सोयीने आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला २० दिवस रजा. वाजवी म्हणजे किती, हे युनिट ठरवतं.

ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. १७ ते १९ तास जागं राहिलेल्या माणसाची चपळाई आणि अचूकता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, असं त्यात दिसलं. इमर्जन्सीत ही वेळ येते मध्यरात्रीनंतर, आणि अपघात, विषप्राशन, सर्पदंश हे तेव्हाही यायचे थांबत नाहीत.

कळण्याची_भाकर
आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे त्या डॉक्टरला स्कूटर चालवायला बंदी, सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत नळी) टाकायला परवानगी. छान!

सिस्टर_ऑन_ड्युटी
झोपेचं मान्य, पण सगळं झोपेवर ढकलू नका. नाईट आम्हीही करतो, आणि एका सिस्टरकडे कधीकधी अख्खा वॉर्ड असतो.

राऊंड नीट बघा. सर विचारतात: पोटॅशियम किती? सोनोग्राफी झाली का? थिएटरची लिस्ट गेली का? उत्तर आलं नाही की तिथेच, नातेवाइकांसमोर, आवाज चढतो. ‘रुग्णाला काय सांगितलंस, त्याला काय कळलं?’ हा प्रश्न राऊंडला ऐकू येत नाही. जे विचारलं जातं तेच पोर तयार करून येतं. जेआर-वन मूर्ख नाही. पोटॅशियम विसरलं तर शिक्षेची ड्युटी, सांगणं विसरलं तर काहीच नाही. मग तो काय विसरेल?

आणि ओरडणं वरून खाली येतं. एचओडी (विभागप्रमुख) लेक्चररवर, लेक्चरर जेआर-थ्रीवर, तो जेआर-वनवर, तो इंटर्नवर, इंटर्न मामांवर. शेवटी कॉटवरची बाई. तिच्या खाली कोणी नाही.

विदा_बघा
ताईंच्या मुद्द्याला थोडा आधार देतो.

डॉक्टरची सहवेदना मोजायला अमेरिकेतल्या जेफरसन मेडिकल कॉलेजची मोजपट्टी सगळ्यात जास्त वापरली जाते. २० विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, म्हणजे एकूण २० ते १४०. त्यांच्या २००९ च्या पाहणीत पहिली दोन वर्षं गुण टिकून राहिले आणि तिसऱ्या वर्षी घसरले. तिकडचा कोर्स चार वर्षांचा आहे आणि तिसऱ्या वर्षी मुलं पूर्णवेळ वॉर्डात जातात. म्हणजे रुग्ण जवळ आल्यावर घसरण. आपल्याकडे असा भार अंगावर पडतो इंटर्नशिप आणि जेआर-वनमध्ये, म्हणून वर्षांचे आकडे जसेच्या तसे इकडे लावू नका.

दुसरी बाजूही आहे. २०१० मध्येच ह्या निष्कर्षावर टीका आली: घसरण थोड्या गुणांची आहे, आणि मोजपट्टी मुलं स्वतःच भरतात. ‘मी रुग्णाच्या जागी स्वतःला ठेवून बघतो’ असं लिहिणं वेगळं, रात्री तीनला बघणं वेगळं. वर्षभर मार खाल्लेला मुलगा कदाचित स्वतःबद्दल जास्त खरं लिहीत असेल. तापीकाठ, तुम्हाला मोजायचंच असेल तर डॉक्टरांना प्रश्नावली देऊ नका. सुट्टी होताना रुग्णाला तीन प्रश्न विचारा: आजाराचं नाव काय, कोणती गोळी कधी, पुन्हा कधी यायचं. हा आकडा खोटं बोलत नाही.

भरीत_पार्टी
एवढं काही नसतं हो. घरचे संस्कार असतील तर माणूस कुठेही नीट वागतो. कोटा-लातूरला दोन वर्षं कोंडून घेतलेल्या पोरांकडून कसली आपुलकी मागता? नीटच्या परीक्षेत दया हा विषय नाही.

सिस्टर_ऑन_ड्युटी
@भरीत_पार्टी, मग हीच नीटवाली पोरं पहिल्या वर्षी खेड्यात जाऊन बसतात कशी? मूळ प्रश्न तोच आहे. शिवाय एकाच बॅचची, सारख्याच मार्कांची दोन मुलं दोन वेगळ्या युनिटांत टाका. सहा महिन्यांत कोणता कोणत्या युनिटचा, हे बोलण्यावरून सांगता येतं.

कळण्याची_भाकर
+१. युनिटचा रंग चढतो. हस्ताक्षराचा तर सगळ्याच युनिटांत चढतो.

अहिराणी_भो
भाषेबद्दल कोणीच बोलेना. सरकारी कॉलेजातल्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरतात. पोरगी केरळची किंवा राजस्थानची. समोर साक्रीची अहिराणी, धडगावची पावरी, अक्कलकुव्याकडची भिली, यावल-रावेरची लेवा बोली. राऊंड इंग्रजीत, सूचना हिंदीत. मग होतं काय? डॉक्टर रुग्णाला सोडून त्यातल्या त्यात हिंदी येणाऱ्या पुतण्याशी बोलतो. पुतण्या दोन मिनिटांचं दुखणं ‘पेट में दर्द है’ एवढ्यात उरकतो. बाईचं पाळीचं, अंगावरून जाण्याचं तर पुतण्यासमोर निघतच नाही. बाहेरून दिसतं ते डॉक्टरचं दुर्लक्ष.

करण्यासारखं:
वीस-पंचवीस वाक्यांचा एक कागद, प्रत्येक वॉर्डाची बोली बघून. देवनागरीत, आणि खाली डॉक्टरच्या लिपीत उच्चार. ‘काय व्हई राह्यनं माय?’, ‘कथा दुखस? हात ठेवीसन दखाड.’ (कुठे दुखतं? हात ठेवून दाखव.), ‘आते कसं शे?’ (आता कसं आहे?) एवढ्यावर निदान होत नाही, पण बाई मान वर करून बोलायला लागते.
भाषांतर नातेवाइकाकडून नको, सिस्टर किंवा आशाताईकडून घ्या. बायकांच्या तक्रारींना तर नक्कीच.
‘समजलं का?’ हा प्रश्न बंद. त्याला उत्तर कायम ‘हा’. त्याऐवजी ‘घर जाईसन गोयी कशी लेशी?’ (घरी जाऊन गोळी कशी घेशील?) आणि तिच्याकडून वदवून घ्या. रोज दोन अन् हप्त्याला दोन यातला घोळ तिथेच पकडला जातो. मेथोट्रेक्झेटसारखं आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं.

पांझरा
भो, आमच्या शिरपूरकडे बोलायची तऱ्हा जरा वेगळी. कागद छापायच्या आधी त्या त्या तालुक्याच्या सिस्टरांकडून वाचून घ्या, नाहीतर डॉक्टर बोलेल आणि अख्खा वॉर्ड हसेल.

अहिराणी_भो
हसला तर बरंच ना! अर्धं काम झालं.

सातपुडा
एका आजारावर ही सगळी चर्चा तपासून बघा: सिकलसेल, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा रक्ताचा आनुवंशिक आजार. नंदुरबारच्या भिल, पावरा वस्त्यांत तो भरपूर आहे, आणि वेदनेच्या क्रायसिसमध्ये आलेला तरुण हा शिकाऊ डॉक्टरची कसोटी बघणारा रुग्ण. सूज नाही, जखम नाही, नाडी-बीपी ठीकठाक, एक्स-रे स्वच्छ. पोरगा मात्र तळमळतोय, महिन्याभरात दुसऱ्यांदा आलाय आणि ‘मागच्या वेळचंच इंजेक्शन द्या’ म्हणतोय. कॅज्युअल्टीत लगेच शिक्का बसतो: नाटकं करतो, सवय लागलीय.

ही खोड त्या एका डॉक्टरची नाही. त्याने सीनियरला तोच शिक्का मारताना पाहिलेलं असतं. इथे उपदेश करू नका, भिंतीवर कागद लावा. आल्यापासून तासाच्या आत वेदनाशामकाचा पहिला डोस, मग दर ३० ते ६० मिनिटांनी दुखणं पुन्हा विचारायचं, ० ते १० मध्ये लिहायचं, गरज पडली तर पुढची पायरी. पेथिडीन हे वेदनाशामक टाळायचं. पाणी तोंडाने जाईल तेवढं, सलाईन बेताने, जास्त झालं की छातीवर येतं. ताप, छातीत दुखणं, ऑक्सिजन ९५ च्या खाली, ह्यातलं काही असेल तर छातीचा एक्स-रे आणि सीनियरला कॉल.

खरं दुखतंय की खोटं, हे ठरवायचं काम त्या रात्रीच्या डॉक्टरवरून काढून घेतलं की निम्मी कटुता संपते. कणव वाटो न वाटो, डोस वेळेत जातो. आणि तासाभरात शांत झालेला पोरगा बघितला की पुढच्या वेळी शिक्का मारताना हात अडखळतो. माझ्या मते वागणं आधी बदलतं, वाटणं मागून येतं.

विदा_बघा
शेवटच्या वाक्याशी अर्धा सहमत. पण कागद लावला आणि वॉर्डात ट्रामाडॉलसारखं वेदनाशामकच नसलं तर?

सातपुडा
मग तो प्रश्न स्टोअरचा. तो समितीने विचारावा, तिच्या हातात आहे.

पांझरा
एक मुद्दा राहिला: भीती. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला नातेवाइकांच्या जमावाने इतकं मारलं की डोळा गेला. राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा २०१० चा कायदा तेव्हाही होता, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. त्यानंतर ह्या भागात शिकायला येणारा प्रत्येक जण ती गोष्ट ऐकूनच येतो. तो नातेवाइकापासून दोन हात लांब का उभा राहतो, दार का मोकळं ठेवतो, तेही समजून घ्या.

भांडण कुठे पेटतं? भरती आणि मृत्यू यांच्या मधल्या तासांत कोणी काही सांगितलेलं नसतं तिथे. उपाय बिनपैशाचा आहे: अतिगंभीर रुग्णांच्या नातेवाइकांना रोज दोन ठरलेल्या वेळा, समजा दुपारी १ आणि संध्याकाळी ७. एकाच नातेवाइकाशी, ज्याचं नाव केसपेपरवर लिहिलंय. सांगणारा जेआर-टू किंवा लेक्चरर. जेआर-वनला एकट्याला पुढे करायचं नाही. काय सांगितलं ते दोन ओळींत केसपेपरवर, वेळ टाकून. मग दर अर्ध्या तासाला वेगळा काका येऊन विचारत नाही, आणि बाराव्या काकावर डॉक्टर खेकसत नाही.

भरीत_पार्टी
हे पटलं. बारावा काका बहुतेक मीच असतो.

अवांतर: हॉस्टेलची मेस रात्री साडेनऊला बंद होते म्हणे. इमर्जन्सीवाल्यांचं जेवण?

जुना_हाऊसमन
अवांतर नाहीच ते. झाकलेला डबा वॉर्डात पोचवायची सोय असली की फरक पडतो. नाहीतर रात्री बाराला गेटबाहेरची शेवभाजी, आणि दोनला अॅसिडिटी घेऊन केस बघायची.

मृत्यूची बातमी सांगण्याबद्दल पांझरांच्या पुढे थोडं. सहा पायऱ्यांची पद्धत २००० सालापासून प्रसिद्ध आहे: जागा, त्यांना काय माहीत आहे, किती ऐकायचंय, माहिती, भावना, पुढचं. आपल्याकडे गडबड पहिल्याच पायरीला होते. व्हरांड्यात, उभ्याने, आठ जणांसमोर. त्यात तीन दिवस नुसतं ‘सिरीयस आहे’ म्हणत राहिलेले असतात. तिसऱ्या दिवशी त्या शब्दाला कोणी भीत नाही. सिस्टरांची खोली दहा मिनिटं रिकामी करा. जवळचे दोघंच. बसवा, स्वतः बसा. काय माहीत आहे ते आधी त्यांना बोलू द्या. मग मृत्यू झाला हे स्पष्ट, एका वाक्यात. त्यानंतर गप्प राहायचं. हे सगळ्यात अवघड, कारण पोरं घाबरून लगेच कागदांवर येतात. एमएलसी (पोलिसांकडे नोंद होणारी केस) असेल तर पोस्टमॉर्टेम का लागणार, किती वेळ जाईल, शववाहिका कुठे मिळेल, हे त्यांनी विचारल्यावर किंवा रडणं ओसरल्यावर.

शिकवायचं कसं? जेआर-वनने दोनदा सीनियरशेजारी नुसतं बसायचं, तिसऱ्यांदा त्याने बोलायचं आणि सीनियरने शेजारी बसायचं. नंतर पाच मिनिटं दोघांनी चहा घेत, काय जमलं काय नाही. टाका घालणं आपण असंच शिकवतो. हे मात्र ‘जाऊन सांगून ये’ म्हणून ढकलतो.

तापीकाठ
वाचतोय. मग त्या शिबिराचा उपयोग शून्य का?

विदा_बघा
शून्य नाही, पण ते आधीच आहे. २०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला वृत्ती, नीती आणि संवादाचे तास अभ्यासक्रमातच आहेत. लॉगबुक, सह्या, ‘चिंतन’ लिहून देणं. ते चिंतन व्हॉट्सअ‍ॅपवर बॅचभर फिरतं, फक्त रोल नंबर बदलतो. शिबिरात ‘रुग्णाचं पूर्ण ऐका’ सांगायचं आणि संध्याकाळच्या राऊंडला ‘हिस्ट्री नको, मुद्द्यावर ये’. दोन्हींतलं पोराला काय खरं वाटेल?

ऐकण्यावरून आठवलं. १९८४ च्या एका अमेरिकी पाहणीत डॉक्टरने रुग्णाला सरासरी १८ सेकंदांत तोडलं होतं. १९९९ च्या पाहणीत २३ सेकंद. आणि ज्यांना पूर्ण बोलू दिलं त्यांना सरासरी फक्त ६ सेकंद जास्त लागले. स्वित्झर्लंडमध्ये २००२ ला न तोडता मोजलं तर सरासरी ९२ सेकंद.

भरीत_पार्टी
स्वित्झर्लंडला नणंदेची तक्रार नसते, म्हणून ९२.

सिस्टर_ऑन_ड्युटी
ओपीडीचं गणितही मांडा मग. समजा १२० रुग्ण, तीन डॉक्टर, चार तास: प्रत्येकाला सहा मिनिटं. पण त्यातले साठ जण बीपी-शुगरची गोळी पुढे चालू ठेवायला आलेले असतात. त्यांची वेगळी रांग, बीपी आधीच मोजलेलं, दोन मिनिटांत सही. उरलेल्या साठांना दहा-दहा मिनिटं मिळतात. रांग एकच ठेवली की गोळीवाला दोन तास ताटकळतो आणि नव्या बाईला घाईत उरकलं जातं. दोघंही चिडतात, डॉक्टर तिसरा.

अहिराणी_भो
आणखी एक बोलायला हवं, जरा जड आहे. २०१९ च्या मे महिन्यात जळगावची आदिवासी समाजातली एक निवासी डॉक्टर मुंबईत शिकत असताना जिवानिशी गेली, सीनियरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला. प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर इथे निकाल नको. पण कोट्यावरून टोमणे हा वातावरणाचाच भाग आहे, आणि आमच्या पाड्यांची भाषा येणारी हीच मुलं असतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे रॅगिंगविरोधी नियम पदव्युत्तरांनाही लागू आहेत. अडचण ही की तक्रार करायची त्याच विभागात, आणि थिसिसवर सही त्याच गाईडची. तक्रार विभागाबाहेरच्या माणसाकडे जाईल आणि गरज पडली तर गाईड बदलून मिळेल, ह्या दोन गोष्टी लेखी नसतील तर भिंतीवरचा फलक नुसता फलक.

सिस्टर_ऑन_ड्युटी
ह्याला माझं पूर्ण अनुमोदन.

सातपुडा
आणि रुग्णाचं पुढे काय झालं हे जेआरला कळतच नाही. डिस्चार्ज कार्ड दिलं, संपलं. तीन महिन्यांच्या जिल्हा निवासी कार्यक्रमात लहान रुग्णालयात गेलेली पोरं वेगळी का वाटतात? कारण तिथे बरा झालेला माणूस बाजारच्या दिवशी पुन्हा दिसतो. मोठ्या रुग्णालयात त्याची नक्कल करता येते: प्रत्येक जेआरने आठवड्याला दोन जुन्या रुग्णांना वॉर्डच्या फोनवरून विचारायचं, आणि शनिवारच्या राऊंडला एका वाक्यात सांगायचं. दहा मिनिटांचं काम. फोन करायचं काम इंटर्नवर ढकललं की मात्र मेलं.

तापीकाठ
शिबिराऐवजी समितीपुढे ठेवतो ते असं: रात्री ८ ते सकाळी ८ सॅम्पल नेणारा एक माणूस, त्याची हजेरी सिस्टरकडे. गंभीर रुग्णांसाठी १ आणि ७ च्या वेळा. राऊंडला प्रत्येक नव्या रुग्णामागे ‘त्याला काय सांगितलं’ हा प्रश्न, पण तो एचओडींनी मान्य करायला हवा. सिकलसेलचा कागद आणि औषधाचा साठा. बोलीचा कागद. ड्युटीचे तास आणि तक्रारीची वाट समितीच्या हातात नाही, ते अधिष्ठात्यांना पत्राने. सुट्टीच्या वेळचे तीन प्रश्न आत्ता एकदा आणि सहा महिन्यांनी एकदा.

जुना_हाऊसमन
राऊंडचा प्रश्न सगळ्या युनिटांत एकदम लावायला जाऊ नका, कागदावरच राहील. राजी असलेलं एक युनिट धरा. आणि पोस्ट-इमर्जन्सीला दुपारी २ नंतर जेआर-वनला सोडायचं, एवढं तरी पत्रात घाला. त्यासाठी नोट्स दुसऱ्या जेआरकडे रीतसर सोपवाव्या लागतात: रुग्णाचं नाव, काय चाललंय, कोणता रिपोर्ट यायचाय, काय बिघडू शकतं. ही सोपवणी तोंडी उरकली की रिपोर्ट हरवतात, आणि मग सर म्हणतात, ‘बघा, सोडलं की घोळ होतो.’

विदा_बघा
यादीत प्रत्येक वॉर्डाला एक स्टूल घाला. राऊंड घेणाऱ्याने बसायचं. २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात बसलेला डॉक्टर उभ्यापेक्षा जास्त वेळ थांबला असं रुग्णांना वाटलं, प्रत्यक्षात वेळ तेवढाच होता.

सिस्टर_ऑन_ड्युटी
स्टूल दोन दिवसांत नातेवाइकांच्या बुडाखाली जाणार, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या वॉर्डात.

पांझरा
लोखंडी घ्या, वॉर्ड नंबर रंगवा, आणि राऊंडच्या ट्रॉलीला अडकवा. प्लास्टिकचं नको, सर्जरीवाले त्यावर चढून सलाईनचा हुक लावतात आणि पाय मोडतो.

कळण्याची_भाकर
कोणाचा, स्टुलाचा का सर्जनचा?

पांझरा
स्टुलाचा. सर्जनचा मोडला तर ऑर्थोला कॉल, आणि ऑर्थोवाले सकाळशिवाय यायचे नाहीत.